खाजेचा माग

"अहो ताई, जरा लांबूनच बघा ना," म्हणत खुर्चीतल्या गिऱ्हाईकानं मान मागे घेतली.

ताईंचा हात हवेतच थांबला. चष्म्याची काडी कानामागे नीट बसते का, फ्रेम नाकावर दाबते की घसरते, हे लांबून बघायचं काम नव्हतं. बावीस वर्षं त्या या चष्म्याच्या दुकानात हेच करत आल्या होत्या. लोकांच्या तोंडाशी तोंड नेऊन बसायचं, मापं घ्यायची. आणि आता त्यांच्याच तोंडाची ही तऱ्हा! पापण्या लाल, सुजलेल्या. गालांवर कोरडे पापुद्रे. खाज तर अशी, की नख लावल्याशिवाय राहवू नये आणि लावलं की आग व्हावी.

गिऱ्हाईक गेल्यावर मालक जवळ आला. वयानं तो ताईंपेक्षा लहान, वडलांच्या मागे दुकान सांभाळणारा. ताईंशी बोलताना एरवी तो अदबीनं बोले. आज तो शोकेसच्या काचेशी बोलला.

"ताई, राग मानू नका. चार दिवस आत बसा. काचा घासायला माणूस हवाच आहे."

चार दिवसांचे चार महिने झाले. आतल्या खोलीत घासायचं मशीन दिवसभर कर्र करत राही आणि काचेची पांढरी भुकटी उडे. तिथं एकही चेहरा येत नसे.

घरी उपायांचा तोटा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, साय लाव." पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, "लिंबू चोळ." लिंबानं ताई अक्षरशः नाचल्या. नवऱ्यानं औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. ट्यूबनं चार दिवसांत चेहरा गुळगुळीत झाला आणि ती थांबवताच दुप्पट फुलून आला. ताईंनी स्वतःच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा बदलून पाहिली. फरक शून्य. मग एके सकाळी त्यांना दिसलं की नवऱ्याचा टॉवेल न्हाणीघरातल्या खुंटीवरून निघून खिडकीच्या गजावर जाऊन बसलाय. त्याच दिवशी अर्धी रजा टाकून त्या त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेल्या.

डॉक्टरबाईंनी भिंग लावून निवांत पाहिलं. ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला होता.

"माझं कुणाला लागेल का?"

"छे! गालाला गाल लावून झोपलं तरी लागणार नाही."

"लिहून द्याल?"

डॉक्टरबाई हसल्या, पण ताईंचं तोंड बघून त्यांनी खरंच लिहून दिलं. सही केली, शिक्का मारला. मग कामाचं बोलल्या. "ती ट्यूब बंद. नखं कापा. हे बघा, असे पापुद्रे बऱ्याच कारणांनी येतात. डोक्यातल्या कोंड्याचाच प्रकार भुवयांत, नाकाच्या कडेला उतरतो. कुणाची कातडीच मुळात कोरडी असते. पण तुमच्या पापण्या आणि चष्म्याखालचा गाल जास्त धरलाय. मला वाटतं, बाहेरचं काहीतरी लागतंय."

"पण मी तोंडाला काही लावतच नाही हो आता."

"मग शोधू या."

पाठीवर छोट्या चौकोनी पट्ट्यांची नंबरवार रांग चिकटवली गेली, प्रत्येक पट्टीत वेगळं रसायन. दोन दिवस पाठीला पाणी नाही. पट्ट्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा तपासलं. अकरा नंबरच्या जागी लालभडक चौकोन उठला होता.

"सापडला!" डॉक्टरबाई म्हणाल्या. ओल्या वस्तू खराब होऊ नयेत म्हणून घालतात ते एक रसायन होतं. त्याचं लांबलचक नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं. "शाम्पूत असेल, क्रीममध्ये असेल, धुण्या-पुसण्याच्या कशातही असेल. तुमच्या घरात कुठं लपलंय ते तुम्हीच हुडकायचं."

सही-शिक्क्याचा कागद ताईंनी घरी नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्यानं वाचला, घडी घातली. "चुकलंच माझं," एवढंच म्हणाला आणि जेवण सोडून आधी टॉवेल परत खुंटीवर टांगून आला.

दोन दिवस ताईंनी घरातली एकूण एक बाटली उलटी करून वाचली. सासूबाईंच्या तेलाचीसुद्धा झडती झाली. कशातच काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुकानात, आतल्या खोलीत, त्यांनी भुकटीनं माखलेला चष्मा काढला, सवयीनं त्यावर फवारा मारला आणि पुसून पुन्हा घालायला गेल्या. तशाच थबकल्या. दिवसातून वीसदा त्या हेच करत होत्या! आणि काचा पुसायचं जुनं पाणी बंद होऊन हा निळा, वासाचा फवारा दुकानात आला होता तो तोंड बिघडायच्या महिनाभर आधी.

बाटलीवरची अक्षरं मोहरीहून बारीक होती. ताईंनी डोळ्याला भिंग लावलं, शेजारी चिठ्ठी धरली आणि एकेक अक्षर जुळवत गेल्या. शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा त्यांनी मशीनच बंद केलं.

"मालक! इकडे या जरा!"

मालकानं भिंगातून पाहिलं, मग चिठ्ठीवर, मग पुन्हा भिंगातून. "पण ताई, तुमचे हात तर ठणठणीत आहेत."

"हाताची कातडी जाड असते. पापणी कागदासारखी. मी ते ओलं चष्म्याला लावून दिवसभर तोंडावर वागवत होते."

"बाकी कुणाला काही झालं नाही."

"सगळ्यांना होत नाही. मला होतं. आता ही बाटली जाईल, नाही तर मी जाईन."

बाटली गेली. चष्मे साध्या पाण्यानं आणि तपासून घेतलेल्या साबणानं धुतले जाऊ लागले. ताई कोमट पाण्यानं तोंड धुवायच्या, न चोळता टिपायच्या आणि बिनवासाचं साधं मलम लावायच्या. पापण्यांसाठी डॉक्टरबाईंनी दिलेलं औषध त्यांनी मोजून सांगितले तेवढेच दिवस लावलं. पहिला आठवडा ढिम्म गेला. दुसऱ्यात पापुद्रे थांबले. पाचव्यात एका दुपारी त्यांच्या ध्यानात आलं, की सकाळपासून हात तोंडाकडे गेलाच नाही. त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या.

सोमवारी त्यांनी मालकाला विचारलं नाही. पांढरा कोट चढवला आणि सरळ पुढच्या काउंटरवर जाऊन बसल्या. मालकानं पाहिलं आणि घाईघाईनं समोरची खुर्ची स्वतः पुसली.

पहिल्या आल्या शिवणकाम करणाऱ्या आजी. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती.

"होतात कुठं तुम्ही? तीनदा येऊन परत गेले. हा तुमचा मालक म्हणे, मी बसवून देतो. म्हटलं, माझं नाक मी कुणाच्याही हाती द्यायची नाही!"

मालकासकट सगळे हसले. ताईंनी दोरा सोडला, स्क्रू पिळला, काडी गरम करून वाकवली आणि पुढे झुकून चष्मा आजींच्या कानांमागे बसवला. आजींनी मान मागे घेतली नाही. पिशवीतून सुई काढून त्यांनी पहिल्याच खेपेला दोरा ओवला आणि ताईंकडे रोखून पाहिलं.

"तुमच्या कोटाचं बटण लोंबतंय. हलू नका."

मागे चार माणसं रांगेत उभी होती. ताई हनुवटी वर करून स्वस्थ बसून राहिल्या आणि आजी त्यांच्या गळ्याशी वाकून सावकाश टाके घालू लागल्या.