काळी तीन

महामायाला राग आला की ती गप्प बसते. लातूरच्या संगीत विद्यालयात ती तीन वर्षं गप्पच होती, आणि मल्लिकार्जुन सरांना वाटलं, पोरगी भारी नम्र आहे.

सरांचा नियम एकच. मुलींनी काळी पाचमध्येच गायचं. पेटीच्या त्या पाचव्या काळ्या पट्टीवर सगळ्यांचा षड्ज, मग कुणाचा गळा पोचो न पोचो. महामायाचा आवाज खालचा, भरदार. वर चढली की चिरकायचा. पहिल्याच वर्षी तिनं विचारलं होतं, "सर, मी काळी तीनमधी गाऊ का?"

"ते तुझ्या बापाच्या गायनपार्टीत. इथं बाईनं बाईसारखं गायचं."

वर्ग फिदीफिदी हसला. हसू दे मेल्यांना! पण बाप कशाला काढला? चाकूरला भीमजयंतीत माईक बंद पडला, तरी ग्यानोबाचं गाणं अख्ख्या वस्तीला ऐकू जायचं. त्या आवाजाची ही लेक. आणि मागच्या वर्षी विशारदच्या परीक्षेत तिच्या नावापुढं शेरा पडला, 'गळा नाही.' पुन्हा नापास झाली तर विद्यालयातून नाव कमी होणार होतं.

आज नांदेडला तीच परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षक उमादेवी बाईंनी विचारलं, "सूर कोणता?"

"काळी पाच," साथीला पेटीवर बसलेल्या सरांनीच सांगून टाकलं आणि पट्टी दाबलीसुद्धा.

"काळी तीन," महामाया म्हणाली.

आणि तिनं खुंट्या पिळून तंबोऱ्याच्या तारा उतरवायला घेतल्या. परीक्षेत असं कुणी करत नाही. लावलेला तंबोरा मिळतो, त्यात मुकाट गायचं असतं.

"डोकं फिरलं का तुझं?" सर दात-ओठ खात पुटपुटले. "तबला कोण उतरवणार?"

"मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा हाय की माझ्यापाशी," तबल्यावर बसलेला आदिनाथ म्हणाला आणि त्यानं पिशवीतून दुसरा तबला काढला.

"सर, मुलीला तिचा सूर द्या," बाई म्हणाल्या. सरांना काळी तीन दाबावीच लागली.

महामायानं षड्ज लावला. ना ताण, ना ओढाताण. खोली भरून गेली. आनंद व्हायला हवा होता, पण तिची तळपायाची आग मस्तकात गेली. इतकं सोपं होतं? दोन काळ्या पट्ट्या खाली यायचं, एवढंच? त्यासाठी या माणसानं माझी तीन वर्षं खाल्ली? त्याच रागात ती पाऊण तास गायली, आणि एकदाही चिरकली नाही.

"हा आवाज इतके दिवस कुठं होता गं?" बाईंनी गुण लिहिता लिहिता विचारलं.

"सरांना विचारा."

गाणं संपलं की गुरूच्या पाया पडायची रीत. सरांनी सवयीनं मांडी सोडून पाय पुढं केले. महामाया उठली, वाकली आणि तिनं तंबोरा उचलला.

"पाय घ्या सर," ती म्हणाली. "वाटेत येऊन राहिले."