पुढचं मॉडेल येईपर्यंत

माणसाचा जबडा मोडायचा असेल तर ओल्या टॉवेलात अक्रोड गुंडाळावेत आणि वरून लाकडी हातोडा घालावा. बोटं मोडायला जुनी, कडक गाजरं लागतात. छातीतला ठोसा कोबीच्या गड्ड्यावर छान बसतो, आणि पोटातला हवा असेल तर कातडी जॅकेटात ओली वाळू भरून ते दांडक्याने बडवावं लागतं. हे सगळं आवाजवालीला झोपेतसुद्धा करता आलं असतं. सिनेमातल्या मारामाऱ्यांना आवाज देणं हा तिचा धंदा. पडद्यावरचे नट एकमेकांच्या नाकापासून वीतभर लांब हात फिरवायचे, आणि त्या हातांचा मार आवाजवाली घरातल्या मागच्या खोलीत घालायची. असा सिनेमा हातात आला की आठवडाभर कोबीच शिजायचा. सकाळी ज्याच्या छातीत ठोसे बसले, तोच संध्याकाळी ताटात.

खोलीच्या भिंतींना जाड पांघरुणं ठोकली होती आणि खिडकीला गादी लावली होती. मध्ये एक दणकट टेबल, जमिनीवर खडीचा ट्रे, कोपऱ्यात माइक, आणि त्याच्या पलीकडे लॅपटॉप. ती बडवायची, नवरा लॅपटॉपवर ते आवाज पकडायचा, कापायचा, चित्राला जुळवून बसवायचा. लग्नाआधीपासून दोघं असंच काम करत होते, आणि खोटं कशाला बोला, जोडी नावाजलेली होती.

घोडं अडलं होतं ते लॅपटॉपपाशी. त्याच्या बिजागरीला चिकटपट्टी लावलेली, दोन बटणं गायब, आणि पंखा असा घरघरायचा की त्याला उशांच्या किल्ल्यात बसवावं लागे. एवढं चालवून घेता आलं असतं. चालवून न घेण्यासारखी खोड एकच होती. ऐन कामात तो गोठायचा. पडदा थिजायचा, थांबवायचं बटण कितीही दाबा, आत जे चाललंय ते चालूच राहायचं. रेकॉर्डिंग असेल तर रेकॉर्डिंग, वाजत असेल तर वाजणं. स्वारीला जाग यायची ती स्वतःच्या मर्जीने. थांब म्हटलं तरी थांबायचं नाही, हा स्वभाव. घरात हा स्वभाव असलेला तो एकटाच नव्हता, पण त्याकडे येऊच.

मग नवा का घेतला नव्हता? तर नवरा हुशार होता म्हणून.

"आज लॅपटॉप घेतो तो मूर्ख," तो म्हणायचा. "नवीन चिप येतेय. आत्ता घेतलास की पुढच्या महिन्यात तुझा म्हातारा."

नवीन चिप यायची. मग, "पहिल्या लॉटमध्ये दोष असतात, दुसरा येऊ दे." दुसरा यायचा. "आता भाव उतरतील, थांब." भाव उतरायचे. "उतरले म्हणजे पुढचं मॉडेल तोंडावर आलं, एवढं कळत नाही तुला?" असं ते भिजत घोंगडं वर्षानुवर्षं पडून होतं. बाजारातल्या दुकानदाराने त्याचं नावच 'पुढचं मॉडेल' ठेवलं होतं. तो दारात दिसला की दुकानदार नोकराला म्हणायचा, "पुढचं मॉडेल आलं रे! पाणी दे त्यांना, माल काढू नकोस."

बाहेर हा सगळा हसण्याचा विषय होता. मागच्या खोलीत हसण्यासारखं काही नव्हतं. लॅपटॉप गोठला की नवऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पहिल्यांदा त्याने माऊस भिंतीवर फेकला. पुढे कप फेकला. आणि एक दिवस हाताशी माऊसही नव्हता, कपही नव्हता, आवाजवाली होती. वड्याचं तेल वांग्यावर काढायची एकदा सवय लागली की वांगं काही बोलत नाही तोवर ती सुटत नाही. मारून झाल्यावर तो रडायचा, आणि त्याचं रडणं नाटकी नव्हतं, हीच पंचाईत. तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणायचा, "माझा दोष नाही गं. हे यंत्र माझं डोकं फिरवतं. नवीन आलं की बघ, आवाजसुद्धा चढवणार नाही."

आईला तिने फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, "कामाचा ताण असतो, बाळा. तो लॅपटॉप बदला आधी. माणूस वाईट नाही."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचणाऱ्याला कोणी काही बोलेना. नवरा, आई आणि आवाजवाली स्वतःसुद्धा, सगळ्यांनी मिळून अंगणच वाकडं ठरवून टाकलं होतं. म्हणून पुढच्या मॉडेलची वाट त्या घरात सगळ्यात जास्त कोण बघत असेल, तर तीच. कोणती चिप कधी येणार, हे तिला नवऱ्याआधी ठाऊक असायचं. नवा लॅपटॉप येईल आणि मार थांबेल, असा तिचा हिशेब होता, आणि त्या हिशेबावर तिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला.

एकदा तर तिला धीर धरवेना. एका कामाचे पैसे तिच्या हातात आले तशी ती थेट दुकानात गेली आणि समोर होतं ते मॉडेल काढायला लावलं. खोका काउंटरवर आला. आनंदाच्या भरात तिने नवऱ्याला फोन केला, आणि तिथेच चुकली. तो हसत हसत दुकानात आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताची बोटं मांसात रुतवत दुकानदाराला म्हणाला, "आमच्या मॅडमना भारी घाई! ठेवा आत."

घरी आल्यावर त्याने तिच्या डाव्या कानशिलात दिली. लॅपटॉप त्या दिवशी बंद होता, ही गोष्ट तिच्या लक्षात आली होती, पण तिने ती मनातून झटकून टाकली. कानात दोन दिवस शिट्टी वाजत राहिली. डॉक्टरांना तिने कपाटाचं दार लागलं असं सांगितलं.

"पडदा वाचलाय," डॉक्टर म्हणाले. "पण पुन्हा लागलं तर ऐकू येणं जाईल. दारापासून सांभाळा."

जणू दार आपण होऊन चालत येतं. पण एवढं तिला कळलं, की हात मोडला तर तो बरा होईपर्यंत थांबता येईल. कान गेला तर आवाजवालीला आवाजवाली कोण म्हणणार?

त्यानंतर तो सिनेमा आला. शेवटच्या मारामारीत नायक खलनायकाचे केस धरतो आणि त्याचं डोकं टेबलावर आपटतो. आवाजवालीने आधी कलिंगड आपटलं. मग भोपळा. मग ओल्या कापडात गुंडाळलेला नारळ. दिग्दर्शकाने सगळं ऐकलं आणि फोनवर म्हणाला, "मला फळं ऐकू येतायत. डोकं ऐकू येत नाही. उद्या सकाळी मी स्वतः येतो. जमत नसेल तर तसं सांगा, दुसरीकडे देतो."

त्या संध्याकाळी टेबलाभोवती लाल चिखल झाला होता. कलिंगडाच्या बिया पार पांघरुणांपर्यंत उडालेल्या. आवाजवालीने शेवटचा भोपळा दोन्ही हातांनी उचलला, टेबलावर आपटला, आणि तिला स्वतःलाच वाटलं की हा बसला. नवऱ्याने थांबवायचं बटण दाबलं. लॅपटॉप गोठला. त्याने पुन्हा दाबलं, मग मूठ आपटली.

"गेलं," तो म्हणाला. "गेलं सगळं."

"तरी मी सांगत होते," ती म्हणाली. दमली होती, म्हणून तोंडातून निघून गेलं. "त्या दिवशी आणू दिला असतास तर..."

"मला शिकवतेस? मला?"

तो उठला ते खुर्ची पाडूनच. तिने माइकच्या स्टँडमागे जायचा प्रयत्न केला, पण जमिनीवर कलिंगडाचं पाणी होतं. पाय घसरला आणि केस त्याच्या मुठीत आले.

"थांब," ती म्हणाली. "थांब ना. कानाला नको."

त्याने तिचं डोकं टेबलावर आपटलं. डावी बाजू. मग पुन्हा. दुसऱ्या वेळी टेबल सरकलं. तिच्या तोंडातून नुसता श्वास बाहेर पडला, शब्द नाही. कानातून काहीतरी कोमट मानेवर उतरलं. तिला वाटलं कलिंगडच असेल. या वेळी शिट्टी वाजली नाही. डाव्या बाजूला काहीच वाजलं नाही.

मग तो रडला. मग म्हणाला की नवीन मॉडेल पुढच्याच महिन्यात येतंय, पक्की बातमी आहे.

सकाळी दिग्दर्शक आला. आवाजवालीने केस डाव्या बाजूने पुढे ओढून घेतले होते आणि ती भिंतीला टेकून उभी होती. नवरा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसला होता. कालचं गेलंय असं त्याला वाटत होतं, पण उघडून बघतो तर फाइल होती. चांगली लांबलचक होती. जिथे पडद्यावर आवाजाची रेघ सगळ्यात उंच उसळलेली दिसली, तिथे त्याने बोट टेकवलं आणि वाजवलं.

दिग्दर्शक खुर्चीतून अर्धा उठला.

"हेच! अहो, हेच पाहिजे होतं मला! आणि त्यानंतरचा तो श्वास... नटाला जन्मात जमणार नाही. काय आपटलंत हो?"

"काय आपटलंस गं?" नवऱ्याने कौतुकाने मान वळवली. "कालचा भोपळा ना?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच ओळखलं नव्हतं. हजारो आवाज ज्याने कानाने निवडले, त्याला आपल्या हातचा मार ओळखता आला नाही. आवाजवाली त्याच्याकडे उजवा कान करून बघत राहिली. इतके दिवस ती लॅपटॉपला, चिपला, उशिरा येणाऱ्या मॉडेलला बोल लावत होती. आज पहिल्यांदाच तिला त्या माणसाचा शुद्ध, स्वच्छ राग आला.

"जरा आधीपासून लाव," ती म्हणाली. "म्हणजे कळेल."

त्याने आधीपासून लावलं. खुर्ची पडली. "मला शिकवतेस? मला?" स्पीकरमधून त्याचाच आवाज आला. नवऱ्याने झटकन बटण दाबलं.

लॅपटॉप गोठला.

"थांब," स्पीकरमधून ती म्हणाली. "थांब ना. कानाला नको."

त्याने बटण बडवलं. झाकण आपटलं, चिकटपट्टी सुटली, आणि आवाज चालूच. एक तडाखा. दुसरा. तो श्वास. मग शिव्या, एकामागून एक, अगदी स्पष्ट. माइक उत्तम होता. स्पीकरची वायर ओढायला तो वळला, तर समोर आवाजवाली उभी होती.

दिग्दर्शक पांढरा पडला होता. पडद्यावर डझनांनी डोकी फोडणारा हा बहाद्दर, त्याला आपली पिशवी सापडेना. "मी जरा... खाली जाऊन येतो," असं म्हणून तो गेला, आणि परत येण्यासाठी गेला नव्हता, हे त्याच्या पावलांवरून लहान पोरालाही कळलं असतं.

नवऱ्याने दार लावून घेतलं.

"चारचौघांत अब्रू काढलीस माझी," तो हळू आवाजात म्हणाला, आणि हात उगारून आला.

जॅकेट बडवायचं दांडकं टेबलाला टेकून ठेवलेलं होतं. आवाजवालीने ते उचललं. आयुष्यभर तिने वेळ साधायचंच काम केलं होतं. हात कुठे असताना घाव कुठे पडायला हवा, हे तिच्याहून चांगलं कोणाला ठाऊक? तिने पूर्ण ताकदीने, खांद्यातून घाव घातला. तो त्याच्या मनगटावर बसला. सिनेमात हाड मोडताना केवढं गाजर मोडावं लागतं. खरं हाड अगदी बारीक आवाज करतं. तो गुडघ्यांवर आला तेव्हा तिने दांडकं पुन्हा उचललं होतं, डोक्याच्या नेमकं वर, आणि तिला मारायचं होतं, मनापासून मारायचं होतं. त्याने वर बघितलं आणि दुसरा हात डोक्यावर घेतला, जसा ती घ्यायची. तिने दांडकं बाजूला फेकलं.

"ऐक," तो म्हणाला. मनगट छातीशी धरलेलं, तोंडावर घाम. "आजच जाऊ. आत्ता. जे मॉडेल असेल ते घेऊ, पुढचं गेलं खड्ड्यात. नवीन आणू, सगळं ठीक होईल. शप्पथ."

हेच वाक्य ऐकायला तिने इतकी वर्षं काढली होती. आता ते आलं, तर ऐकायला एकच कान उरला होता.

तिने माइक काढला, केबल गुंडाळली, हातोडा पिशवीत टाकला. माइक तिच्या पैशांचा होता.

"तू थांब पुढच्या मॉडेलसाठी," ती म्हणाली. "माझं थांबून झालं."

तिने बाहेर येऊन दार ओढून घेतलं, तेव्हा आत लॅपटॉपला अजून जाग आली नव्हती. जिन्यात तिच्या उजव्या कानाला कालचा नवरा अस्पष्ट ऐकू येत होता. रडत होता, आणि पक्की बातमी आहे, पुढच्याच महिन्यात येतंय, असं कोणाला तरी सांगत होता.