लागू नाही

रामलिंग बिरादार चाकूरच्या शाळेत गणित शिकवत. वीस-बावीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली कितीतरी लेकरं डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. बाजारात निघाले की कुणी ना कुणी वाकून पाया पडायचंच. आणि त्यांच्याच लेकीला, शिवांगीला, चौथीपर्यंत कागदावरचा घ कुठला आणि ध कुठला ते कळत नव्हतं.

तोंडी विचारलं तर तिला सगळं यायचं. एकदा ऐकलेला धडा आठ दिवसांनी जसाच्या तसा सांगायची. पण पुस्तक समोर आलं की मधल्या ओळी सुटायच्या, फळ्यावरचं उतरवून घेताना अक्षरं गळायची. सरांना वाटायचं, अंगात आळस भरलाय. एकदा त्यांनी तिला भर वर्गात छडी मारली होती. ती आठवीत असताना शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात अध्ययन अक्षमतेची माहिती दिली गेली. सर वहीत टिपणं काढत होते. चौथ्या-पाचव्या लक्षणाला त्यांचा हात थांबला. ही सगळी शिवांगीच होती.

मग तपासण्या झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. दहावीला तिला लेखनिक मिळाली. नववीतली समीक्षा. शिवांगी उत्तर सांगायची, समीक्षा लिहायची, वेळही वाढवून मिळायचा. एक्क्याऐंशी टक्के पडले. शिवांगीची आई पंचफुला रडत रडत शेजारणींना सांगत फिरली.

दुसऱ्या दिवशी सरांनी शाळेत पेढे नेले. भुजंग सर पेढा तोंडात टाकत म्हणाले, "लेखनिक लई हुशार मिळाली म्हणायची, सर."

सगळे हसले. बिरादार सरही हसले. पण घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात तेच एक वाक्य घुमत होतं.

शिवांगीनं आपलं कॉलेज आधीच ठरवलं होतं. तपासणीच्या वेळी एका शिबिरात तिला नांदेडच्या गौसिया मॅडम भेटल्या होत्या. त्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि वाचता-लिहिताना अडचण येणाऱ्या मुलांसाठी तिथं वेगळी सोय चालवायच्या. कॉलेज एकदा बघून तर या, म्हणून शिवांगीनं हट्ट धरला. जूनमध्ये बापलेक एसटीनं नांदेडला गेले.

कॉलेज लहानसंच होतं. गौसिया मॅडमच्या खोलीत रेकॉर्ड केलेले धडे होते, कानाला लावायचे हेडफोन होते. कोपऱ्यात एक अंध मुलगा संगणकावर भराभर टाइप करत होता. मॅडमनी सरांकडं बघितलंही नाही. खुर्ची शिवांगीसमोर ओढून घेत त्यांनी विचारलं, "तुला कसं शिकायला सोपं जातं?"

आजवर हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती थोडी गांगरली. मग म्हणाली, "ऐकून. आणि मग दुसऱ्या कुणाला तरी सांगून."

"मग तू इथं बरोबर आलीस," मॅडम म्हणाल्या. "मी तुझ्यासाठी जागा धरून ठेवते. आठ दिवसांत कळव."

परतीच्या गाडीत लोह्यापर्यंत शिवांगीचं तोंड बंद नव्हतं. ती बारावीनंतर मानसशास्त्र घेणार होती, तिच्यासारख्या लेकरांना शिकवणार होती. सर हं-हं करत होते. त्यांच्या डोळ्यांपुढून तो अंध मुलगा हलत नव्हता. आपली लेक अशांच्यात बसवायची? आणि भुजंग सर काय म्हणतील? हा विचार त्यांनी तेव्हा कुणाला सांगितला नाही. पुढं त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

"लातूरला सायन्सला टाकू," घरी आल्यावर ते म्हणाले. "एक्क्याऐंशी टक्के घेऊन कुणी आर्ट्सला जातं का?"

"तिला नांदेड पसंत हाय तर जाऊ द्या की," पंचफुला म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतंय?"

शिवांगीनं दोन दिवस नीट जेवण केलं नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाली, "तुम्ही म्हणता तर जमेल मला, पप्पा." सरांना त्या बोलण्यात आत्मविश्वास दिसला. लेक आपल्यासाठी माघार घेते आहे, हे त्यांना दिसलं नाही.

लातूरच्या कॉलेजात प्रवेशाला ही गर्दी. सरांनी फॉर्म मांडीवर घेतला आणि भरायला लागले. शिवांगी शेजारी बसून त्यांच्या पेनाकडं बघत होती. शेवटच्या पानावर एक रकाना होता : दिव्यांगत्व असल्यास प्रकार लिहा, प्रमाणपत्र जोडा. प्रमाणपत्र सरांच्या पिशवीतच होतं. पेन थोडा वेळ तिथं थांबलं.

"तिथं काय लिहायचंय, पप्पा?"

बारीक अक्षरातला तो मजकूर तिला चटकन वाचता येणार नाही, हे सरांना ठाऊक होतं.

"काही नाही. आपल्याला लागू नाही ते," असं म्हणून त्यांनी रकान्यात आडवी रेघ मारली.

पुढची दोन वर्षं शिवांगी लातूरला होस्टेलवर राहिली. दर रविवारी परीक्षा व्हायची, मार्क भिंतीवर लागायचे, मार्कांप्रमाणे तुकडी बदलायची. दिवाळीपर्यंत ती शेवटच्या तुकडीत गेली. वर्गात शिकवलेलं तिला कळायचं. मैत्रिणी तिच्याकडून रसायनशास्त्र समजून घ्यायच्या आणि पेपरात तिच्यापेक्षा दुप्पट मार्क घ्यायच्या. तिचा मात्र प्रश्न वाचण्यातच अर्धा वेळ जायचा.

अकरावीच्या शेवटी तिनं फोन केला. "पप्पा, मी ऑफिसात लेखनिकाचं विचारलं. ते म्हणतात, तुमच्या फॉर्मवर तसं काहीच नाही. आता प्रमाणपत्र देता येईल का?"

"दहावीला तुला आधाराची गरज होती," सर म्हणाले. "आता तू मोठी झालीस. स्वतःच्या हातानं लिही, बेटा. सवयीनं होतंय."

ती मग "बरं" म्हणाली.

बारावीच्या वर्षी ती सणाला घरी आली की नुसती झोपून राहायची. जानेवारीत पंचफुलानं तिच्या वह्या उघडून बघितल्या. पानंच्या पानं अर्धवट होती, एकच शब्द चार-चार वेळा खोडलेला होता. त्या वह्या तिनं नवऱ्यापुढं आणून टाकल्या. "बघा तुमच्या लेकीचं काय करून ठेवलाव ते," ती म्हणाली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ती त्यांच्यावर असा आवाज पहिल्यांदाच चढवत होती. सर प्रमाणपत्र घेऊन लातूरला धावले. लेखनिकासाठी अर्ज करायची मुदत केव्हाच सरली होती.

शिवांगीनं सगळे पेपर स्वतःच्या हातानं लिहिले. भौतिकशास्त्र आणि गणितात ती नापास झाली. वडील गणिताचे मास्तर, म्हणून गावात त्याची चर्चा जरा जास्तच झाली. निकालाच्या दिवशी ती रडली नाही. पिशव्या घेऊन घरी आली, भांडी घासली, आईबरोबर जेवली आणि पुढं कितीतरी महिने तिनं एकही पुस्तक उघडलं नाही. सर जवळ येऊन बसले की ती उठून आत जायची.

पुढच्या वर्षीच्या परीक्षेसाठी सरांनीच खेटे घातले. वेळेत अर्ज केला, प्रमाणपत्र जोडलं, लेखनिक मिळवून दिली. शिवांगी दोन्ही विषयांत पास झाली. निकाल कळताच तिनं नांदेडच्या कॉलेजचा फॉर्म मोबाइलवर मागवला, मोबाइलकडूनच तो मोठ्यानं वाचून घेतला आणि स्वतः भरला. प्रवेशाच्या दिवशी सर कपडे करून तयार होते.

"तुम्ही येऊ नका, पप्पा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आई येईल."

आज ती तिथं बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. आईला रोज फोन करते. पप्पा बरे आहेत का, एवढं विचारते.

गेल्या महिन्यात सर न कळवता नांदेडला गेले. आधी त्यांना गौसिया मॅडमच भेटल्या. त्यांनी सरांना लगेच ओळखलं. "तेव्हा मी आठ दिवसांऐवजी पंधरा दिवस जागा धरून ठेवली होती," त्या म्हणाल्या. सर मान खाली घालून उभे राहिले.

शिवांगी बाहेर आली. दोघं आवारातल्या कट्ट्यावर बसले. येताना सरांनी बसमध्ये बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं एवढंच तोंडातून आलं : "माझं चुकलं, बाई. तुझी तीन वर्षं मी वाया घालवली."

शिवांगी समोरच्या सायकलींकडं बघत होती.

"वर्षांचं काही नाही, पप्पा," ती म्हणाली. "फॉर्मवरचा तो रकाना मी हळूहळू वाचला होता. तुम्ही 'लागू नाही' म्हणालात ना, मला वाटलं मी बरी झाले. मला लई आनंद झाला होता. मग मार्क कमी पडत गेले. शंका आली म्हणून लेखनिकाचं विचारलं, तर तुम्ही सवयीनं होतंय म्हणालात. तेव्हा वाटलं, आजार तर गेलाय, म्हणजे मी मुळातच ढ आहे. दोन वर्षं मी हेच धरून बसले होते."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, पण मध्येच थांबवला.

"तुम्ही विचारायला पाहिजे होतं मला," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

घंटा झाली. ती उठली, ओढणी सारखी केली.

"तास आहे माझा. जेवून जावा, कँटीनला भाजी बरी असते."

"दिवाळीला येशील ना?"

"बघते," असं म्हणून ती पायऱ्या चढून गेली.

सर जेवले नाहीत. बसस्टँडवर जाऊन त्यांनी चाकूरवरून जाणारी मिळेल ती लातूरची गाडी धरली. दिवेलागणीला घरी पोचले तेव्हा पंचफुला दारातच उभी होती.

"भेटली का? काय म्हणली?"

सर चप्पल काढत तसेच वाकून राहिले.

"तास होता तिला," ते म्हणाले आणि पाय धुवायला मागच्या दारी गेले.