तक्रार एक दिवस उशिरा

"गाडी गेली मंगळवारी आणि तक्रार बुधवारची," जप्त गाड्यांच्या आवाराच्या खिडकीतला कारकून म्हणाला. "मग मंगळवारभर गाडी कोणाची होती?"

तेयोने माझ्याकडे पाहिलं. माझा नवरा असाच. कोणी जरा आवाज चढवून विचारलं की याची जीभ टाळ्याला चिकटते. एकतीस वर्षं संसार केला, पण अजून हेच चाललंय. मीच म्हटलं, "आमचीच होती, पण चोरांकडे होती." कारकून हसला नाही. त्याने तारखेखाली पेनाने रेघ ओढली आणि कागद बाजूला ठेवला.

झालं होतं ते साधंच होतं. तेयो पिकअपमधून पिण्याच्या पाण्याचे मोठे जार घरोघर पोचवतो. त्या मंगळवारी सकाळी नऊला, मेस्कितेसच्या वळणावर, दोघांनी त्याच्या मानेला पिस्तूल लावलं. जारांसकट गाडी नेली आणि जाताना बजावलं, उद्या दुपारपर्यंत पोलिसांकडे फिरकायचं नाही. तो नाही फिरकला. आमच्या गावात असं कोणीच पोलिसांकडे फिरकत नाही. असं बजावलं की माणूस घरी येतो, दाराला कडी घालतो आणि दुसऱ्या दिवसाची दुपार होण्याची वाट बघतो. मीच त्याला म्हटलं होतं, मुकाट बस, जीव वाचला हे काय कमी झालं. बुधवारी बारा वाजता आम्ही ठाण्यावर गेलो. गाडी कधी गेली, असं तिथल्याने विचारलं, तर या भल्या माणसाने खरं ते सांगून टाकलं. दुसरा कोणी असता तर आज सकाळीच गेली, असं म्हणाला असता.

सहाव्या दिवशी गाडी नदीच्या पुलाखाली सापडली. टोइंगवाल्यांनी ती ओढून गावाबाहेरच्या कोरालोनमध्ये, म्हणजे पोलिसांनी उचललेल्या गाड्यांच्या आवारात, आणून टाकली. आम्हाला मात्र कळवलं तब्बल पाच आठवड्यांनी. तोवर आवाराचं दिवसाचं भाडं चढतच होतं. तक्रार त्याच दिवशीची असती तर भाडं माफ होतं, आमची एक दिवस उशिरा म्हणून सगळं भरा. शिवाय ओढून आणल्याचे वेगळे. चोराने नेली, पोलिसांनी ठेवली आणि भाडं आमच्या बोडक्यावर. मी धुण्याचं मशीन विकलं, उरलेलं बहिणीकडून आणलं. जार वाहायला गाडी नाही म्हणजे घरात चूल नाही, सरळ हिशेब.

पण पैशांचं मी निभावून नेलं असतं. भीती होती ती त्या मंगळवारची. त्याच दिवशी दुपारी बसथांब्यावरून तीन तरुण पोरांना उचलून नेलं होतं. पांढऱ्या पिकअपमध्ये कोंबलं, असं लोक म्हणत होते. आमचीही पांढरीच, पण पांढऱ्या पिकअप गावात पन्नास तरी असतील. मी हे तेयोपाशी कधी काढलं नाही, त्यानेही माझ्यापाशी काढलं नाही. जेवायला बसलो की दोघंही ताटात बघायचो.

कारकुनाने शेवटी शिक्का मारला. आवाराचा राखणदार फिलेमोन आम्हाला आत घेऊन गेला. जळक्या बस, चाकं नसलेल्या मोटारी, त्यांच्यातून वाट काढत आम्ही गाडीपाशी आलो. धुळीने अगदी पिवळी पडली होती. जार एकही नव्हता. तेयोने बॉनेट उघडलं आणि बॅटरीशी खटपट करायला लागला. मी फडकं घेऊन आत शिरले, कारण मला घाण बघवत नाही.

सीटखाली हात घातला आणि चष्मा हाती आला. एकच काच होती. एक काडी मोडलेली, मासे धरायच्या नारिंगी दोऱ्याने बांधलेली. तेयो चष्मा लावत नाही. पोलिसांनी गाडी तपासली होती म्हणे, पण सीटखाली कोणी हातसुद्धा घातला नव्हता. मी हाक मारायला हवी होती. नाही मारली. चष्मा पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि गाडीची काच पुसत बसले. कुणा गिऱ्हाइकाचा पडला असेल, असं मनाला समजावत होते. गिऱ्हाईक कधी गाडीत बसतं का?

फिलेमोनच्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू झाली. तेयोचा चेहरा किती दिवसांनी जरा उजळला. मी म्हटलं, चल लवकर.

फाटकाशी एक बाई उभी होती. छातीवर मुलाचा मोठा फोटो टाचणीने लावलेला. फिलेमोनने हातानेच खूण केली, थांबू नका, ही रोजचीच आहे. पण तेयोने ब्रेक लावला. तो कोणासाठीही थांबतो, हा त्याचा जुना रोग आहे.

"दादा, तुमची गाडी कधी गेली होती?" बाईने विचारलं.

तेयोने तारीख सांगितली. बाईने बॉनेटवर हात ठेवला. तिचं नाव कासिमिरा, मुलगा नासारियो, एकोणीस वर्षांचा, बेकरीत कामाला होता, बसथांब्यावर उभा होता. इथून निघणाऱ्या प्रत्येक गाडीत ती एकदा बघून घेते, बाकी काही मागत नाही, असं तिने सांगितलं. मी फोटोकडे बघायचं टाळत होते, पण डोळे तिकडेच गेले. पोरगा हसत होता. चष्म्याची एक काडी नारिंगी दोऱ्याने बांधलेली होती.

"आत काही नाही, ताई," मी म्हटलं. "मी आत्ताच सगळी पुसून काढली."

"बरं. उपकार झाले तुमचे," ती म्हणाली आणि तिने हात उचलला.

उपकार म्हणाली हो ती. तेयो गाडी पुढे घेईना. मी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली होती आणि तो तिकडे बघत होता.

"काय आहे त्यात?"

"चल ना पुढे."

"ओब्दुलिया, काय आहे?"

मग मी त्याच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. गाडी पुन्हा मिळायची नाही, मंगळवारचा जाब तुला विचारतील, तुलाच आत टाकतील, आणि त्या दोघांना आपलं घर माहीत आहे, दारावर जारांची पाटी आहे. तो ऐकत होता.

"मला कळतंय ते सगळं," तो म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. "दे."

मी दिला. आणखी काय करणार होते?

कासिमिरा रडली नाही. तिने चष्मा उलटा करून दोरा बोटाने चाचपला. "ही गाठ माझी आहे," एवढंच म्हणाली, आणि मातीतच खाली बसली. मी उतरून तिच्याशेजारी बसले. तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

तेयोने गाडी स्वतः मागे घेतली, होती तिथेच नेऊन लावली आणि किल्ली फिलेमोनच्या हातात दिली. फिलेमोन कळवळून म्हणाला, "काका, आत लावलीत तर भाडं परत चालू होईल, आणि पुरावा म्हणून ठेवली तर गंजेपर्यंत सुटायची नाही." तेयो म्हणाला, माहीत आहे.

ठाण्यावर कळवलं, पण तपासाचा माणूस यायला दोन तास लागले. तरणाच होता, इस्त्रीचा शर्ट. चष्मा त्याने पिशवीत घातला, कासिमिराचं लिहून घेतलं, मग तेयोला समोर बसवलं. तोच कागद, तीच तारीख, तीच रेघ.

"तक्रार एक दिवस उशिरा का?"

हे आजारी होते, असं मी म्हणणारच होते.

"भ्यालो म्हणून," तेयो म्हणाला.

"असंच लिहू?"

"असंच लिहा. आत्ताही भितोय, तेही लिहा."

त्या माणसाने पहिलं वाक्य लिहिलं, दुसरं लिहिलं नाही, आणि कागद सहीसाठी पुढे सरकवला. तेयोच्या हातात पेन ठरेना. शेवटी त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवलं आणि एकेक अक्षर करत आपलं पूर्ण नाव लिहिलं, एलेउतेरियो सामारिपा. त्याखाली विचारलं नसतानाही घरचा पत्ता लिहिला.