तुळसाच्या नावाची कोंबडी

निकेतच्या कोंबड्यांच्या शेडसमोर सगळी वाडी गोळा झाली होती. लग्नालाही इतकी माणसं येत नाहीत.

मी जनावरांची डॉक्टर. निकेतनं सकाळी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "डॉक्टर, कोंबे पटापट मरतत. नांदगावातसून आत येवा. पण आवशीक सांगा नको, मी बोलवलंय म्हणान." आईला का सांगायचं नाही, ते अंगणात पाऊल टाकताच कळलं.

मधोमध पाटावर एक जाडजूड माणूस बसला होता. गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळभर शेंदूर. हे गुरुदास बुवा, दोडामार्गाकडून खास बोलावलेले. त्यांच्यासमोर निकेतची आई पद्मावती हात जोडून उभी. आणि पलीकडे, माडाच्या बुंध्याला टेकून, तुळसाकाकी. निकेतच्या कोंबड्या कापून, पिसं काढून, साफ करून हॉटेलांकडे जातात. ते काम तिचं. ती एकटी राहते. आज तिच्या आसपासही कोणी उभं नव्हतं.

"बोल पाखरा, बोल!" बुवा गरजले. "कुणाच्या नजरेनं धन्याचं वाटोळं झालं?"

त्यांनी एक पांढरी कोंबडी हातात घेतली. वाडीतल्या एकेकाचं नाव घेत सुटले. "परशुराम!" म्हणत ती जमिनीवर सोडली. कोंबडी पंख फडफडवत पळाली. चेल्यानं ती पकडून आणली. "सावित्री!" पुन्हा तेच. गर्दीतल्या सावित्रीनं सुटकेचा श्वास टाकला.

"तुळसा!"

या वेळी बुवांनी कोंबडी उताणी केली. छातीवर तळवा दाबून धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ ओठांतल्या ओठांत पुटपुटले. मग हात अलगद काढला. कोंबडी तशीच पडून राहिली. पाय वर, हालचाल नाही.

"मेली गो! तिच्या नावान मेली!" गर्दीतून किंकाळी उठली.

बुवांनी अंगारा फेकला, कानाशी टाळी वाजवली. कोंबडी धडपडत उठली. "देवीनं प्राण घेतला, देवीनं परत दिला! हिनं आजच्या आज वाडी सोडावी, नाहीतर पुढचा बळी या घरातल्या माणसाचा!"

पद्मावतीनं वळून मागं उभ्या निकेतकडे बघितलं. निकेत तिचा एकुलता एक. "माका आधीच सौंशय होतो," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात हिनाच सांगल्यान, आतड्यात रगात दिसता, कोंबे विकू नको. हिका कसा कळला?"

"कापताना दिसला, ता सांगलंय," तुळसाकाकी म्हणाली. "गप रवाचा होता काय?"

"बघा! कबुली!" बुवा ओरडले.

दोघंतिघं तिच्या दिशेनं सरकले. मी मधे गेले.

"बुवा, बाकीच्यांच्या नावाला कोंबडी पायांवर सोडलीत. हिच्याच नावाला उताणी का?"

"देवीची आज्ञा. तुम्हा शिकलेल्यांना नाही समजायचं."

"मग माझ्या नावानं बघू." मी कोंबडी घेतली, उताणी ठेवली, छातीवर हात धरला. मंत्र येत नव्हता, म्हणून गप्प राहिले. हात काढला. कोंबडी मेल्यासारखी पडून.

कोंबडी उठल्यावर मी ती पद्मावतीच्या हातात दिली. "आता तुम्ही करा. स्वतःचं नाव घेऊन."

"माका नको गो बाय."

"आये, कर," मागून निकेत म्हणाला.

तिनं स्वतःचं नाव घेऊन कोंबडी उताणी दाबून धरली. हात काढला. कोंबडी हलेना.

"आता सांगा, करणी तुम्हीच केलीत काय?"

"माज्याच कोंब्यांवर मी कित्याक करू?" ती म्हणाली, आणि तिनं वळून बुवांकडे बघितलं.

"कोंबडी उताणी दाबून धरली की घाबरते आणि ताठ पडून राहते," मी सगळ्यांना सांगितलं. "शत्रूच्या तावडीत सापडल्यावर हे तिचं शरीर आपोआप करतं. ती मरत नाही. जरा वेळानं किंवा टाळीच्या आवाजानं उठते. कुणाचंही नाव घ्या, पडेल. नाव बुवा ठरवतात, देवी नाही."

"देवी कोपेल! डोळे फुटतील!" बुवा पाटावरून उठले आणि गाडीकडे निघाले. निकेत आडवा झाला. "वायच थांबा बुवा. बाईमाणसाक चेटकीण ठरवून गावाभायर काढूचा म्हंजे गुन्हो आसा. पोलिसांका फोन केलंय."

मग मी शेडमध्ये गेले. आत नाकाडोळ्यांत झोंबणारा वास. दृष्ट लागू नये म्हणून बुवांनी आल्याआल्या शेडच्या ताडपत्र्या खाली सोडायला लावल्या होत्या. पाण्याची भांडी गळत होती आणि खाली अंथरलेलं भाताचं तूस भिजून त्याचा चिखल झाला होता. मेलेली एक कोंबडी मी सगळ्यांसमोर उघडली. आतडं रक्तानं भरलेलं. "ही रक्ती हगवण. ओल्या तुसात तिचे जंतू वाढतात, कोंबडी तेच टोचून खाते. तुळसाकाकींनी सांगितलं तेव्हाच मला बोलावलं असतंत, तर निम्म्या कोंबड्या वाचल्या असत्या."

निकेतनं ताडपत्र्या वर केल्या. ओलं तूस बाहेर निघालं, मी पाण्यातून द्यायचं औषध दिलं. पोलीस बुवांना घेऊन गेले, तरी माणसं रेंगाळत होती. सकाळपासून जे ओरडत होते ते आता एकमेकांकडे बघत नव्हते.

पद्मावती माडाजवळ गेली. "तुळसा, चुकला माजा. फाल्या सकाळीसून कामाक ये."

"येयन," तुळसाकाकी म्हणाली. "पण पद्मा, इतकी वर्षां मी तुज्या दारात येतंय. त्या बुवाक तू आज बघलंस. तेचा तुका खरा वाटला आणि माजा खोटा?"

पद्मावती चहा ठेवते म्हणत घरात गेली.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा तुळसाकाकी पुन्हा कामावर होती, पण निकेतच्या घरचा चहा तिनं अजून घेतला नव्हता. कोंबड्या औषधानं बऱ्या होतात. माणसाचं तसं नसतं. म्हणून जिथं जाते तिथं मी हेच सांगते: रोगाला कारण असतं आणि ते शोधता येतं. घरात, गोठ्यात, शेडमध्ये काही बिनसलं तर कारण शोधा. ते सापडायच्या आधी माणूस शोधू नका.