गाडीतली ड्रुसिला

"हात धरून पुढं न्यायला घरचं कोण येतंय तुमच्या?" चर्चच्या कारभाऱ्यानं, डीकन क्लीओफसनं, विचारलं. "शिकागोचा पुतण्या ना?"

"त्याला मी एकदा लग्नात पाहिलाय," लुव्हेनिया पांढरे हातमोजे बोटाबोटावर ताणत म्हणाली. "घरचं माणूस बाहेर गाडीत बसलंय."

डीकनचं तोंडच उतरलं.

आज चर्चमध्ये दारावरच्या सेवेकऱ्यांचा मान होता. ज्याचा मान, त्यानं घरच्या माणसाच्या हाताला धरून दारापासून पहिल्या बाकापर्यंत चालत जायचं. लुव्हेनियाची उमर याच दारात गेली. दारुडा येवो, रडकं पोर येवो, नाहीतर कालच विधवा झालेली बाई येवो, एका नजरेत ओळखून बरोब्बर जागेवर नेऊन बसवायची.

आणि दर रविवारी बाहेर झाडाखाली, जुन्या ब्यूइक गाडीत, काच खाली करून ड्रुसिला रेडिओवर भजनं ऐकत बसायची. दोघींचं घर एक, चूल एक, पलंगही एकच. अख्ख्या मंडळीला ठाऊक. मयताच्या जेवणाला ड्रुसिलाच्या हातचं पीचचं गोड सगळे बोटं चाटून खायचे. गोड आत जायचं, ड्रुसिला बाहेर. आधीच्या पास्टरनं व्यासपीठावरून असल्या बायकांचा उद्धार केला तेव्हा ड्रुसिला भर चर्चमध्ये उठून उभी राहिली. "घ्यायची तर अख्खी घ्या," म्हणाली. "अर्धीमुर्धी मी येत नाही." ती जी बाहेर पडली ती तेव्हापासून गाडीतच.

"सिस्टर, माझं काही नाही हो," डीकन घसा खाकरत म्हणाला. "पण लोक... असं करू या, त्यांना मागच्या दारानं आणा. गुपचूप मागं बसतील."

लुव्हेनियाचे हात थांबले.

"क्लीओफस, पुन्हा म्हण बघू. मागचं दार म्हण."

एकोणीसशे त्रेसष्ट साली याच जॅक्सन शहरात गोऱ्यांच्या चर्चच्या पायऱ्यांवर ती आणि क्लीओफस शेजारी उभे होते. प्रार्थनेला आलोय म्हणाले, तर कोटाला फूल खोचलेला दारावरचा माणूस आडवा आला. तुमचं काळ्यांचं चर्च तिकडं, म्हणाला. मग पोलीस आले. गाडीत कोंबल्यावर हाच क्लीओफस बेसूर भजन गात होता.

"त्या पायऱ्यांवर मी देवाला शब्द दिला होता," ती म्हणाली. "माझ्या हातात दार आलं तर कुणाला अडवणार नाही. आणि तिला बाहेर गाडीत ठेवून मी जगाला या बसा करत राहिले. आज एक तर ती माझ्याबरोबर चालेल, नाहीतर मीही गाडीत बसेन. कायमची."

ती तरातरा बाहेर गेली.

"काय गं, इतक्यात संपलं?" ड्रुसिलानं विचारलं. "की कुणी चक्कर येऊन पडलं?"

"चल. माझा हात धर."

"डोकं फिरलं का तुझं? पायात सपाता आहेत माझ्या!"

"देव सपाता बघत नाही."

"देवाला कोण भितंय? पहिल्या रांगेतल्या त्या टोपीवाल्या म्हाताऱ्या बघतात ना!" मग हळूच, "कुठं बसवणार मला?"

"पहिल्या बाकावर. माझ्याशेजारी."

ड्रुसिलानं रेडिओ बंद केला. मग आरसा वाकडा करून ओठांना लाली लावली आणि उतरली.

दारात क्लीओफस उभा. ही छाती, हे खांदे, हे दार. सगळं लुव्हेनियानं एकदा पाहिलं होतं, त्या गोऱ्यांच्या पायऱ्यांवर.

त्यानं दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि बाजूला झाला.

"लवकर या," तो गुरगुरला. "उकाडा आत येतोय."

दोघी चालू लागल्या. ऑर्गन वाजवणारा एक सूर चुकला. मधल्या रांगेतलं एक जोडपं उठून बाजूच्या दारानं निघून गेलं. लुव्हेनियानं पाऊल चुकवलं नाही. ड्रुसिलाचा तळहात घामानं चिंब झालेला तिला हातमोज्यातूनही कळत होता.

पहिल्या बाकावर मदर एस्टेल, चर्चमधली सगळ्यात म्हातारी बाई. आजवर ड्रुसिलाला तिनं कधी साधा नमस्कारही केला नव्हता. दोघी बसल्या. मदर एस्टेलनं मान वळवली नाही. फक्त आपल्या हातातला पुठ्ठ्याचा पंखा तिरका केला, आणि वारा ड्रुसिलाच्या मानेवर जाईल असा, हळूहळू, हलवत राहिली.