कोण ओरडतंय ते बघू

"झालं. केला बंद," काका म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. टेबलावरचा फोन त्यांनी माझ्याकडे सरकवला. "आता तूच उचल. माझा आवाज ऐकला की माणसं भीड धरतात, तक्रार करत नाहीत."

जुना प्रोग्राम मोडीत काढायचा तर आमच्याकडे ही रीत आहे. मीटिंगांमध्ये कितीही काथ्याकूट करा, शेवटी एक दिवस तो गुपचूप बंद करायचा आणि बघत बसायचं, कोण ओरडतंय. संध्याकाळपर्यंत कुणीच ओरडलं नाही, तर कायमचा निरोप. एकानं जरी बोंब मारली, तर प्रोग्रामला आणखी एक वर्ष. आणि निवृत्तीनंतरही केवळ त्याच्यासाठी ठेवून घेतलेल्या काकांनाही. हा प्रोग्राम बंद करा असं मीच सुचवलं होतं, आणि मीच सकाळपासून मनात घोकत होते, ओरडा रे, कुणीतरी ओरडा!

मी या हॉस्पिटलची एंटरप्राइझ आर्किटेक्ट. माझ्या माहेरी अजून वाटतं की मी इमारती बांधते. मावशीनं तर बाथरूमची खिडकी कुठे काढू, असं विचारलं होतं. माझं काम म्हणजे नोंदणीपासून बिलापर्यंत कोणता प्रोग्राम कशाच्या आधारानं चालतो, याचं चित्र काढायचं. एक चित्र आज आहे तसं, दुसरं पुढे हवं तसं. आणि पहिल्यातून दुसऱ्यात कसं जायचं, तो रोडमॅप. कुठल्या खाटेला बिनमिठाचं, कुठल्या खाटेला पातळ, हे स्वयंपाकघराला सांगणारा काकांचा पथ्याचा प्रोग्राम पहिल्या चित्रात होता. दुसऱ्यात नव्हता; तिथे त्याच कामाचा नवा प्रोग्राम होता.

काकांनी तो तरुणपणी लिहिला आणि मग जन्मभर सांभाळला. माझी चित्रं बघायला ते हौसेनं यायचे.

"लेगसी सिस्टिम म्हणजे काय गं?"

"जुनी, पण अजून चालणारी."

"मग सरळ म्हातारी म्हण की! लाजतेस कशाला? आणि ते स्टेकहोल्डर?"

"आपल्या निर्णयाची झळ ज्यांना लागते, ते सगळे."

"अरे बापरे! मग तुझ्या मीटिंगला बिस्किटं पुरायची नाहीत."

असा माणूस. याला घरी पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

दुपारी एकदाचा फोन वाजला. काका खुर्चीतून अर्धे उठले. एक सिस्टर विचारत होती, लिफ्ट बंद पडलीय, कुणाला सांगू? मी नंबर दिला. काका परत बसले आणि उगाचच चष्मा पुसू लागले.

जेवणाची वेळ टळून गेली तरी सगळीकडे सामसूम. मला राहवेना. पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि स्वयंपाकघरात मुख्य आचाऱ्याला फोन लावला.

"पथ्याच्या चिठ्ठ्या नीट आल्या का आज?"

"आल्या की. का हो?"

"काही गोंधळ? थोडासा तरी?"

"ताई, तुम्हाला गोंधळ हवाय की काय?" तो हसला. "अहो, काकांनीच नाही का आम्हाला एकेकाला धरून नव्या प्रोग्रामवर बसवलं? रात्रपाळीच्या सिस्टरनासुद्धा शिकवलं. आता जुन्याकडे बघतंय कोण!"

मी तरातरा आत आले. "काका! हे काय करून बसलात? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात!"

"कळलं वाटतं तुला," ते म्हणाले. "मग काय करायचं होतं? डायबेटिसवाल्याच्या ताटात गोड गेलं असतं म्हणजे? मला एक वर्ष मिळावं म्हणून?"

मी कपाळावर हात मारून खाली बसले. तेच पुढे म्हणाले, "तरी खरं सांगू? सगळ्यांना शिकवलं मीच, पण आज सकाळपासून वाटत होतं, एखादा तरी ओरडेल. नुसता सवयीनं."

मला इतकं वाईट वाटलं, की उठून त्यांना मिठी मारावी. मारली नाही. ऑफिस होतं.

संध्याकाळी मी नोंद केली, एकही तक्रार नाही. काकांनी ती दोनदा वाचली आणि "बरोबर आहे" म्हणाले. मग खिशातून मोबाईल काढून घरी काकूंना फोन लावला.

"ऐकतेस का? हो, झालं बंद. नाही गं, कुणीच नाही ओरडलं. पेशंट जेवले वेळेवर, सगळं अगदी सुरळीत..."

ते बोलता बोलता थांबले. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"अगं, असं काय करतेस," ते हळूच म्हणाले. "तू कशाला रडतेस?"